रातांब्याचा उतारा

आपलं वजन वाढलंय असं चारचौघांत नुसतं पुटपुटून बघा. पुढच्या पाच मिनिटांत तुम्हाला काहीतरी खायला सांगितलं जाईल. लग्नाच्या पंगतीत सांगा, डोंबिवली फास्टमध्ये सांगा, कुणाला तरी पोचवून परत येताना सांगा, फरक पडत नाही. 'अमुक खाऊ नका' असं कुणीही म्हणत नाही. तसं म्हटलं तर ते म्हणणाऱ्यालाही लागू व्हायचा धोका असतो. 'पपई खा' यात मात्र दोघांचीही सोय होते. सांगणाऱ्याला पुण्य, ऐकणाऱ्याला पपई.

या सल्ल्यांपायी माझ्या पोटाने बरीच फळं पाहिली. पपईपासूनच सुरुवात झाली. पपईवरून आमच्या इमारतीत दोन तट आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मते पपई उष्ण, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांच्या मते थंड. मी मधल्या मजल्यावर राहत असल्यामुळे ती कोमट मानून खाल्ली. वजनावर परिणाम झाला नाही. काकू आणि आजोबा दोघेही म्हणाले, "वेळ चुकली तुमची." वेळ कोणती ते दोघांनीही सांगितलं, आणि त्या दोन वेळांत बरोबर बारा तासांचं अंतर होतं.

मग अननस. ऑफिसातल्या हिशेब खात्यातले एक गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत आवाज खाली आणून म्हणाले, "अननसात एक द्रव्य असतं. चरबी वितळवतं." गृहस्थांचं स्वतःचं पोट टेबलावर डब्याच्या शेजारी ठेवलेलं होतं, तेव्हा अनुभवाचे बोल असावेत असं वाटलं नाही, पण अननसात द्रव्य असतं हे खरं. ब्रोमेलिन त्याचं नाव. ते तोडतं प्रथिनं. चरबीशी त्याचं काही देणंघेणं नाही. अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते ती त्यामुळेच, आणि कच्च्या पपईत त्याच जातीचं पपेन असतं म्हणून खानसामे मटणाला पपई चोळून ठेवतात. थोडक्यात, खाल्लेलं मटण पोटात आणखी थोडं मऊ व्हावं अशी इच्छा असेल त्याने अननस जरूर खावा. पोटावर आधीच जमलेल्या ऐवजाला त्याची खबरही लागत नाही.

अमेरिकेतल्या मावसभावाने ग्रेपफ्रूट सुचवलं. म्हणाला, हॉलीवूडच्या नट्या १९३० च्या दशकापासून हेच करतायत. करत होत्या, हे खरंच आहे. जेवणाआधी अर्धं ग्रेपफ्रूट, आणि मग दिवसभराचं सगळं जेवण मिळून हजार कॅलरींच्याही आत. अठरा दिवसांचा तो कार्यक्रम असे. नट्या बारीक झाल्या आणि श्रेय मिळालं ग्रेपफ्रूटला. उपाशी राहण्याला कोण श्रेय देणार? ते बागेत पिकत नाही आणि बाजारात विकता येत नाही. मी मात्र ग्रेपफ्रूटच्या शोधात मॉलपर्यंत गेलो, एका फळाचा भाव वाचला आणि त्या धक्क्यानेच थोडं वजन उतरलं असावं. तरी दोन घेतली. मग डॉक्टर म्हणाले, "तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी घेता ना? मग ग्रेपफ्रूट नको. काही गोळ्यांशी ते भांडतं."

"म्हणजे वजन कमी करायचं फळ खायला आधी बारीक असायला हवं?"

"तुम्ही फळाचं विचारताय," डॉक्टर म्हणाले, "मी मगाशी वड्यांचं विचारलं होतं."

मी विषय बदलला. मध्यंतरी डॉ. दीक्षितांचं 'दोनदाच जेवा' आणि ऋजुता दिवेकरांचं 'थोड्या थोड्या वेळाने खा' यावरून महाराष्ट्रात घरंच्या घरं फुटली, तेव्हाही आमच्याकडे फूट पडली नव्हती. आमच्याकडे युतीचं सरकार होतं. दोनदा पोटभर, आणि मधे थोडं थोडं.

अशा भरभराटीच्या दिवसांत एका रात्री मेव्हण्याने घरच्या ग्रुपवर निरोप टाकला. 'कोकणच्या मातीतलं हे फळ चरबी जाळून टाकतं!! अमेरिकन लोक यासाठी डॉलर मोजतात आणि आपण आमटीत टाकतो!!' खाली रातांब्याचा फोटो, त्याखाली जोडलेले हात, त्याखाली तिरंगा. आपला विश्वास बसायला दोनच दाखले लागतात. एक, आमची आजी हेच करायची. दोन, अमेरिकेत आता हे सुरू झालंय. कोकमाच्या बाजूने दोन्ही साक्षीदार हजर होते. त्यात माझी सासुरवाडी कुडाळची. म्हणजे कच्चा माल घरचा.

हिने निरोप वाचला आणि म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून आपल्या आमटीत आमसूल आहेच की. मग आजवर काय जळलं?"

"आमटीत पातळ होतं ते. डोस पुरत नाही."

"डोस!" एवढंच म्हणून तिने आईला फोन लावला.

सासूबाईंनी रात्रीच्या बसने खोकं पाठवलं. त्यात किलोभर आमसुलं, आगळाच्या बाटल्या, सरबताचा डबा, पायांच्या भेगांसाठी कोकमतेलाचा गोळा, आणि खोक्यात जागा उरली म्हणून मालवणी खाजं, काजू आणि नारळ. वजन उतरवण्याचं ते सामान उचलताना रिक्षावाला म्हणाला, "साहेब, यात काय भरलंय, दगड?" वर आणेपर्यंत माझी कंबर धरली. सामान उघडून तपासताना खाजं संपलं. ते या प्रयोगात धरायचं नाही असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

रात्री आमसुलं भिजत घालायची आणि सकाळी अनशापोटी ते पाणी प्यायचं, अशी मेव्हण्याची पहिली आज्ञा होती. प्यायलो. डोळे आपोआप मिटले, एक खांदा वर गेला आणि दात आहेत याची प्रत्येकाने वेगळी वर्दी दिली. चरबीला असंच काहीतरी होत असणार, अशी माझी खात्री पटली. पण अर्ध्या तासाने जी भूक लागली, ती मी शाळेत असताना पोहून आल्यावर लागायची. दोन पोळ्यांवर थांबणारा माणूस मी, चौथीसाठी ताट पुढे करू लागलो. मग कुणीतरी सांगितलं की आयुर्वेदात कोकमाला वृक्षाम्ल म्हणतात आणि ते रुची आणणारं, भूक वाढवणारं मानलं आहे. आमच्या घरात ज्याला तोंडाला चव नसेल त्याला आमसुलाचं सार देतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण अमेरिकेतून आलेलं सार वेगळं असेल अशी आपली एक आशा.

शिवाय कोकमाला रंग असतो. हे वाक्य साधं आहे, पण ज्याने पांढरा शर्ट घालून, साहेबांबरोबरच्या मीटिंगआधी, घाईत उभ्याने कोकमाचं पाणी प्यायलं आहे त्यालाच त्याचा अर्थ कळेल. खिशाच्या खाली, बरोबर काळजाच्या जागी, लाल डाग. साहेबांनी मीटिंगमध्ये पहिल्यांदाच माझ्याशी हळू आवाजात बोलून घेतलं. संध्याकाळपर्यंत तिसऱ्या माणसाने विचारलं, "बायपास कधी झाली?"

दुपारी सरबत. उन्हाळा होता आणि सरबत हे मला औषधासारखं मुळीच वाटत नव्हतं, तेव्हा ते नियमाने घेतलं गेलं. माझा चहा एव्हाना बिनसाखरेचा झालेला होता. बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस आजूबाजूच्यांकडे ज्या नजरेने बघतो, तशा नजरेने बघत मी चहा प्यायचो आणि मग दोन पेले सरबत घ्यायचो. यात काही विसंगती आहे हे मला कळायला मे महिन्यात कुडाळला जावं लागलं.

सरबत घालताना प्रत्यक्ष बघणं ही फार शिक्षणाची गोष्ट आहे. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि पाऊस यायच्या आत सगळं उरकावं लागतं. सासूबाई पडवीत बसल्या होत्या. समोर धुऊन, पुसून ठेवलेल्या रातांब्यांचा ढीग. एकेक फळ घ्यायचं, मधोमध कापायचं, आतला पांढरा गर आणि बिया अंगठ्याने एका फटक्यात बाहेर. हाती उरते सालीची लालभडक वाटी. मग त्या वाटीत साखर. नुसती भुरभुरवलेली नव्हे; चमच्याने ओतायची, अंगठ्याने दाबायची, दाबल्यावर जागा झाली की आणखी ओतायची. अशा वाट्या बरणीत तोंड वर करून एकीला एक चिकटून बसवायच्या. थर झाला की वरून साखर. परत थर, परत साखर. मग बरणीच्या तोंडाला फडकं बांधून ती उन्हात. चार-सहा दिवसांत साखर विरघळते आणि बरणीत तो सुरेख जांभळट लाल पाक दिसायला लागतो, ज्याला मी औषध समजत होतो.

"साखर किती घालायची?" मी विचारलं. घशाला कोरड पडली होती.

"मावता तितकी," सासूबाई म्हणाल्या. मग जावयाने विचारलंय म्हणून शास्त्रशुद्ध उत्तर दिलं, "एकास दोन."

म्हणजे कोकम एक, साखर दोन. चहाच्या एका चमच्याएवढ्या साखरेत साधारण वीस कॅलरी असतात. एका पेल्यात असे पाचसहा चमचे सहज जातात. मी चहातले दोन चमचे वाचवून सरबतातून दहा-बारा घेत होतो, आणि वर पुन्हा लोकांना बिनसाखरेच्या चहाचे फायदे समजावत होतो. मी ही आकडेमोड हिला सांगितली. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही एवढं वाचता."

राहता राहिली सोलकढी. तिच्यात साखर नसते. मोठा आधार वाटला. सोलकढीत आगळ असतं, लसूण-मिरची असते, कोथिंबीर असते आणि बाकी सगळा नारळ असतो. बाकी सगळा म्हणजे अक्षरशः बाकी सगळा. एका नारळाचं पहिलं घट्ट दूध, दुसरं जरा पातळ दूध. तिसरं काढणाऱ्याला कोकणात कंजूष म्हणतात. शिवाय सोलकढी एकटी येत नाही. सोलकढी आहे म्हटल्यावर भात लागतो, भात आहे म्हटल्यावर तळलेला बांगडा लागतो, आणि बांगडा एक कधी कुणी खाल्ला आहे का? मेव्हण्याच्या निरोपात 'जेवणानंतर सोलकढी घ्या' असं होतं. जेवणं किती घ्यायची ते नव्हतं.

एवढं करून मी रोज वजन करत होतो. वजनकाट्याचंही एक शास्त्र आहे, आणि त्यात मी आता कुणालाही शिकवू शकतो. आमच्या न्हाणीघराच्या दाराशी एक फरशी जरा खचली आहे. काटा तिच्यावर ठेवला की हॉलपेक्षा सहाशे ग्रॅम कमी दाखवतो. अर्थात मी काटा तिथेच ठेवतो. वजन आंघोळीच्या आधी करायचं, कारण आंघोळीनंतर केसांत पाणी राहतं. माझ्या डोक्यावर उरलेले केस पाहता हा मुद्दा फार मोठा नाही, पण नियम तो नियम. घड्याळ काढायचं, जानवं असेल तर खुंटीला, चष्मा बाजूला. श्वास पूर्ण सोडायचा. चष्मा काढल्यामुळे आकडा दिसत नाही, श्वास सोडल्यामुळे बोलता येत नाही, म्हणून हातवारे करून हिला बोलवायचं. ती आकडा इतक्या मोठ्याने वाचते की समोरच्या घरातले आजोबा दार उघडून विचारतात, "वाढलं का?"

सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळात तोवर कोकमाची साथ पसरली होती. सहाच्या ठोक्याला मैदानावर जमायचं, दोन फेऱ्या मारायच्या, तिसरीत चालण्यापेक्षा बोलणं जास्त, आणि मग कोपऱ्यावरच्या टपरीवर पोहे. पोह्यांवर शेव. त्यावर एकमेकांच्या वजनाची चौकशी. मंडळातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं वजन महिन्याभरात दणदणीत उतरलं. पँट पट्ट्याने गोळा करून बांधलेली, गालफडं बसलेली, चेहऱ्यावर तेज. त्यांनी जाहीर केलं, "कोकम." बस्स. दुसऱ्या दिवशी बाजारात आमसूल मिळेना. मंडळातल्या प्रत्येकाने त्यांच्याकडून डोस लिहून घेतला. ते चिठ्ठीखाली सहीसुद्धा करायला लागले. पुढे कधीतरी त्यांच्या मिसेस भाजीबाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ह्यांना मधे टायफॉइड झाला होता ना!" गृहस्थांनी कोकम घेतलं होतं हे खोटं नव्हतं. टायफॉइड मात्र त्यांना सांगण्यासारखा वाटला नव्हता. तरीही मंडळाचा कोकमावरचा विश्वास उडाला नाही. एकाने तर विचारलं, "टायफॉइड कोकमामुळे झाला असेल का? म्हणजे मग एकाच फळात..."

शेवटी भाची आली. ती औषधनिर्माणशास्त्र शिकते आणि ज्या गोष्टींत आपलं सुखाने चाललेलं असतं त्यांची माहिती काढण्याची तिला खोड आहे. मी पेला तोंडाला लावताना तिने बघितलं.

"मामा, याच्यामागे खरंच रसायनशास्त्र आहे बरं का."

मी हिच्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. भाचीने सांगितलं ते असं. केरळात माशाच्या कालवणात कुडमपुळी घालतात, ती कोकमाचीच मलबारी चुलत बहीण. गार्सिनिया घराण्यातली. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकांतन या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये तिची आंबटाई तपासली, तर ती मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाची निघाली. आपल्या कोकमातही हे आम्ल असतं. पुढे अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत दिसलं की शरीर जास्तीच्या साखरेची चरबी बनवतं, त्या कामातल्या एका एन्झाइमला हे आम्ल अडवून धरतं. उंदरांना दिलं, तर उंदीर कमी खायला लागले आणि त्यांच्या अंगात चरबीही कमी तयार झाली.

"म्हणजे आमचा मेव्हणा बरोबर होता!"

"तुम्ही उंदीर असतात तर."

मग १९९८ चा किस्सा तिने सांगितला. न्यूयॉर्कमध्ये १३५ जाड माणसं निवडली. साधारण निम्म्यांना गार्सिनियाची गोळी, बाकीच्यांना हुबेहूब तशीच पण पोकळ गोळी. कुणाला कोणती मिळाली ते कुणालाच माहीत नाही. दोन्ही गटांना कमी कॅलरींचं, भरपूर चोथ्याचं जेवण. बारा आठवड्यांनी मोजलं. 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ते सगळं छापून आलं आहे.

"गोळीवाल्यांचं सरासरी ३.२ किलो उतरलं," भाची म्हणाली.

"बघ! मी काय म्हणत होतो?" मी हिला म्हणालो.

"आणि पोकळ गोळीवाल्यांचं ४.१."

स्वयंपाकघरात हिने कढई जरा जोरात ठेवली. मी थोडा विचार केला आणि विचारलं, "ही पोकळ गोळी कुठे मिळते?"

भाचीने कपाळाला हात लावला. त्या दोन आकड्यांतला फरकही तसा धरण्यासारखा नाही, दोन्ही गटांत सारखंच म्हणायचं, असं ती समजावत होती. पुढे २०११ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांची मिळून बेरीज केली, तेव्हा गोळीच्या नावावर किलोभराहून थोडं कमीच जमा झालं, आणि त्यातले कसून केलेले प्रयोग तेवढे ठेवले तर तेही पुसट झालं. मी म्हटलं, सहाशे ग्रॅम तर आम्हाला फरशीच देते.

"पण मग त्या न्यूयॉर्कवाल्यांचं तीन-चार किलो उतरलं ते कशाने?"

"जेवण कमी होतं ना मामा."

"ते झालं गं. त्याखेरीज?"

त्याखेरीज काही नव्हतं. पण माणूस एवढ्यावर थांबत असता तर निम्मी दुकानं बंद पडली असती. प्रयोग १९९८ चा, आणि गोळ्या त्यानंतरच जास्त जोरात खपल्या. अमेरिकेत डॉ. मेहमत ओझ यांनी टीव्हीवरून गार्सिनियाचे गोडवे गायले. जून २०१४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे क्लेअर मॅकॅस्किल या सिनेटरबाईंनी त्यांना अशा चमत्कारांच्या जाहिरातबाजीवरून चांगलंच धारेवर धरलं. अशा गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचंही डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं आहे. पुढे २०२५ मध्ये त्याच ओझसाहेबांकडे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याचा सगळा कारभार आला. आपल्याकडे अशा वेळी 'नशीब एकेकाचं' म्हणतात. तिकडे काय म्हणतात ते मावसभावाला विचारायला हवं.

भाची गेल्यावर मी औषधाच्या दुकानात गेलोच. "पोकळ गोळी आहे का?"

दुकानदाराने वर बघितलं. "कशावर हवी?"

"वजनावर."

"त्या सगळ्या त्याच आहेत," तो म्हणाला आणि काचेच्या कपाटाकडे हात केला. रांगच्या रांग होती. भाव बघून मी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि परत आलो.

कुडाळला असतानाच, ती सरबताची बरणी उन्हात गेल्यावर, मी सासूबाईंना मेव्हण्याचा निरोप वाचून दाखवला होता. त्यांचा जावयावर राग नाही, मुलावर आहे. त्या म्हणाल्या, "कोकमान वजन उतारला असता तर आमचो सगळो वाडो वाऱ्यार उडान गेलो असतो." मी वाड्याकडे बघितलं. पडवीत बसलेले चुलत सासरे, झोपाळ्यावरचे दुसरे चुलत सासरे, आतून हाक मारणाऱ्या थोरल्या चुलत सासूबाई. वारा सुटला होता. जागचं कुणी हललं नाही.

त्या अंगणात बारीक म्हणावा असा एकच माणूस होता. रातांबे काढायला आलेले सत्तरीचे आजोबा. खांद्याला आकडी, पायाला माती, पोट पाठीला लागलेलं. सकाळपासून त्यांची किती झाडं झाली होती कुणास ठाऊक. मी त्यांना गाठलं. म्हटलं, आजोबा, तुम्ही रोज कोकम किती खाता?

"मी खय कोकम खातंय?" ते म्हणाले. "दात आंबतत."

मेव्हण्याला हे कळवलं. त्याने अंगठा दाखवला आणि खाली नवीन निरोप टाकला. या वेळी फणस होता.

आता आमच्याकडे कोकम पूर्वीच्या हुद्द्यावर परत आलं आहे. आमटीत दोन, माशाच्या कालवणात चार, अंगावर पित्त उठलं तर आमसुलाचं पाणी चोळायला, आणि हिच्या टाचांना तेल. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, ते फळाला आहे. माझ्या पोटाला त्यात वाटा मागता येत नाही. कोकमाने वजन कमी होत नाही. ते सोडून त्याच्याकडून बाकी सगळं होतं, आणि एवढ्याशा फळाकडून आणखी काय काय मागायचं?

तेव्हा या मे महिन्यात तुमच्यापैकी कुणी कुडाळ, सावंतवाडी, देवगडकडे जाणार असेल तर येताना माझ्यासाठी आगळाच्या दोन बाटल्या आणाव्यात, पैसे लगेच देईन. त्यात मीठ बरंच असतं, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी स्वतःसाठी घेताना जपून. साखरेचं सरबत मात्र आणू नका. ते सासूबाईंनी परवाच पाठवलंय, आणि सोबत खाजंही.